लुईजीज मॅन्शन २ : ९ वर्षांची मुलगी भुताला भीत नाही, पण दार उघडायला भिते. काय करावे?

डिचोलीची वाचक

नमस्कार. माझा प्रश्न ‘लुईजीज मॅन्शन २’ या खेळाविषयी आहे. २०१३ मध्ये निंटेंडो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेला हा खेळ अमेरिकेत ‘डार्क मून’ या नावाने ओळखला जातो. त्यात लुईजी नावाचा नायक पाठीवरच्या यंत्राने भुते ओढून पकडत वाड्यांतून फिरतो. माझा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने आपले जुने थ्रीडीएस आणि हे एकच कार्ट्रिज माझ्या ९ वर्षांच्या मुलीला देऊन टाकले आणि तो पुन्हा निघून गेला, त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही. मी स्वतः असले खेळ कधी खेळलेले नाही. मुलीसोबत बसून जेवढे कळले तेवढ्यावरच लिहीत आहे.

पहिला वाडा, म्हणजे ग्लूमी मॅनर, आम्ही दोघींनी मिळून कसाबसा पार केला. आता हाँटेड टॉवर्समध्ये, त्या झाडावेलींनी वेढलेल्या मनोऱ्यांत, आम्ही अडकलो आहोत. एका खोलीत शिरले की दारे बंद होतात, तीन-चार भुते एकदम अंगावर येतात, आणि एकाला ओढत असताना दुसरे येऊन लुईजीला पाडते. तो हरला की संपूर्ण मोहीम पहिल्यापासून सुरू होते. आमचा अर्धा तास असा तीन वेळा वाया गेला आणि तिसऱ्या वेळी मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. मधेच कुठे खेळ जतन करण्याची सोय आहे का, की आम्हालाच ती सापडत नाही?

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलगी भुतांना अजिबात भीत नाही. भूत समोर आले की ती उलट खुलते. तिला भीती वाटते ती बंद दाराची. लुईजी अंधाऱ्या वाटेने गुणगुणत दाराशी आला की ती यंत्र माझ्या हातात देते, ‘आई, तू फक्त दार उघड’ म्हणते, आणि दार उघडून आतले भूत दिसले रे दिसले की लगेच यंत्र परत मागून घेते. हे पाहून तिला हा खेळ द्यावा की काढून घ्यावा, हेच मला ठरवता येत नाही.

शिवाय घरात सासूबाई आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून आमच्याकडे संध्याकाळी वीज वरचेवर जाते, आणि नेमक्या त्याच वेळी मुलगी खेळायला बसते. ओसरीवर काळोख, बाहेर पावसाची झड आणि मुलीच्या हनुवटीवर त्या छोट्या पडद्याचा हिरवट उजेड, असे दृश्य सासूबाईंना सहन होत नाही. दिवेलागणीच्या वेळी घरात भुतांचा खेळ नको, असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्यांचा शब्द मोडू इच्छित नाही आणि मुलीलाही दुखवू इच्छित नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोंड्याचा जुना खेळाडू

ताई, नमस्कार. हा खेळ मी थ्रीडीएसवर दोनदा पूर्ण केला आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलासोबत सध्या तिसऱ्यांदा चालू आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे: मोहिमेच्या मध्यभागी जतन करण्याची सोय या खेळात नाही. तुम्हाला ती सापडली नाही असे नव्हे, ती मुळात ठेवलेलीच नाही. या खेळावर सर्वांत जास्त टीका याच कारणासाठी झाली आणि ती मला रास्त वाटते, कारण हातात धरून खेळायच्या यंत्रावर माणूस मिळेल त्या फटीत खेळतो. मात्र दोन आधार आहेत. थ्रीडीएसचे झाकण मिटले की यंत्र झोपते आणि उघडले की खेळ त्याच क्षणापासून पुढे चालतो. म्हणून जेवायला हाक आली तर यंत्र बंद करू नका, नुसते मिटून ठेवा. दुसरा आधार म्हणजे सोन्याचे हाड. ते वाड्यात कुठेतरी दडवलेले असते. ते जवळ असेल आणि लुईजी हरला, तर खेळातला एक भुताटकी कुत्रा येऊन त्याला पुन्हा उभा करतो आणि मोहीम पहिल्यापासून करावी लागत नाही. म्हणून मुलीला घाईने पुढे न नेता खोल्या नीट झाडायला सांगा. ‘झाडायला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण लुईजीच्या पाठीवर जे यंत्र आहे ते शेवटी घर झाडायचेच आहे: त्याने पडदे ओढता येतात, गालिचा गुंडाळत नेता येतो, कप्प्यांतून नाणी आणि लुईजीची शक्ती भरणारी हृदये बाहेर काढता येतात. भुतांच्या खोलीत शिरण्यापूर्वी हृदये भरलेली असली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तीन-चार भुते एकदम येणे. बहुतेक नवे खेळाडू दार बंद होताच टॉर्चचे बटण वरचेवर दाबत सुटतात, आणि तिथेच गणित चुकते. ‘ए’ बटण दाबून सोडले की लख्ख प्रकाश पडतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ते बटण काही वेळ दाबून धरले आणि मग सोडले, तर तो झोत रुंद पडतो आणि समोर असलेली दोन-तीन भुते एकाच वेळी दिपून जातात. मग ‘आर’ दाबून त्या सर्वांना एकत्रच ओढायला लागता येते, आणि एकत्र ओढलेल्या भुतांपासून नाणीही अधिक मिळतात. म्हणजे मुलीने खोलीच्या मधोमध उभे राहायचे नाही. पाठ भिंतीकडे ठेवायची, बटण दाबून धरायचे, आणि दोन भुते एका रेषेत येईपर्यंत थांबायचे. हे थांबणेच अवघड आहे. माझा भाचा पहिले आठ दिवस थांबू शकत नव्हता. मी त्याला मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ मोजायला लावले आणि तिनावर बटण सोडायला सांगितले, तेव्हा कुठे जमू लागले.

ओढतानाही एक गोष्ट पाहा. भूत ज्या दिशेला पळते त्याच्या बरोबर उलट दिशेला गोल पॅड रेटायचा असतो. भूत वळले की आपणही वळायचे. असे ओढत राहिले की लुईजीजवळचे माप भरत जाते आणि ते भरल्याची खूण दिसताच ‘ए’ दाबले तर एका झटक्यात भुताची बरीच शक्ती उतरते. पुष्कळ मुले नुसते ‘आर’ दाबून धरतात आणि तो झटका कधीच वापरत नाहीत, त्यामुळे ज्या भुताला काही क्षण पुरतील त्याच्यामागे ती फार वेळ फरफटत जातात आणि तेवढ्यात दुसरे भूत येऊन पाडते. तुमच्या बाबतीत नेमके हेच होत असावे, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते.

प्रत्येक भुताची खोडही वेगळी आहे. साधी हिरवी भुते, ज्यांना ग्रीनी म्हणतात, ती हल्ला करण्यापूर्वी वेळ घेतात. मोठे तांबडे स्लॅमर मात्र धावून येते आणि त्याचा वार होऊन गेला की क्षणभर उघडे पडते, प्रकाश तेव्हाच टाकायचा. हायडर सामानाआड लपून वस्तू फेकते, म्हणून ते डोके वर काढील तेव्हाच ते दिपते. स्नीकर अदृश्य होऊन मागून येते. मुलीने ही नावे आणि त्यांच्या खोडी एका वहीत लिहून काढल्या तर तिचा निम्मा गोंधळ कमी होईल.

राहिली बंद दाराची भीती. या खेळात भिंतींना काही ठिकाणी भोके आणि फटी आहेत. लुईजीला त्यांच्यासमोर उभे केले की तो डोळा लावून आत पाहतो, आणि तुम्ही यंत्र हातात हलवले तशी त्याची नजर आत फिरते. आतली भुते आपल्याच उद्योगात असतात, कोणी एकमेकांच्या खोड्या काढते, कोणी सामानाशी खेळते, आणि आपल्याला कोणी पाहत आहे याची त्यांना गंधवार्ता नसते. तिला सांगा, जिथे फट असेल तिथे आधी डोकवायचे, मग दार उघडायचे. सगळ्याच खोल्यांना फट नाही, पण सवय लागण्यापुरत्या आहेत.

मडगावचा सोबती

वरच्या उत्तरात तंत्राबद्दल सर्व काही आलेच आहे. मी केवळ यंत्राविषयी लिहितो, कारण आपल्यासारख्या घरांत पुढचा प्रश्न हमखास ‘नवे घ्यावे का’ असा असतो.

हाच खेळ २७ जून २०२४ रोजी ‘लुईजीज मॅन्शन २ एचडी’ म्हणून निंटेंडोच्या स्विच या पुढच्या यंत्रावर आला. चित्र पुष्कळ स्वच्छ झाले आहे, उजव्या काठीने नजर वर-खाली करता येते, आणि हातात धरून खेळायचे झाले तर मूळ स्विचचा पडदा ६.२ इंच आहे, जेव्हा की साध्या थ्रीडीएसचा वरचा पडदा साडेतीन इंचांच्या आसपासच आहे. परंतु ताई, ज्या कारणाने आपली मुलगी रडली ते कारण तिथेही तसेच आहे: मोहीम अर्धवट राहिली की पहिल्यापासून. तेव्हा केवळ त्यासाठी खर्च करू नका. मधून मधून आपोआप जतन होणारा खेळ हवा असेल तर तो ‘लुईजीज मॅन्शन ३’, जो ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी स्विचवर आला. त्यात वाड्यांऐवजी एक उंच हॉटेल आहे आणि उद्वाहनाची हरवलेली बटणे मिळवत एकेक मजला उघडत जायचा असतो. त्यात गूइजी नावाचा लुईजीचा चिकट, हिरवा प्रतिरूप मिळतो. तो जाळीतून आरपार जातो, काट्यांवरून चालतो, पण पाणी लागले की विरघळतो. तो मिळाल्यानंतर दुसरा खेळाडू त्याला चालवू शकतो, म्हणजे आई आणि मुलगी एकाच यंत्रावर खरोखर सोबत खेळू शकतात. आपल्या मुलीची ‘तू फक्त दार उघड’ ही मागणी वाचून मला पहिल्यांदा हेच आठवले.

तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की आत्ता जे हातात आहे तेच पूर्ण करावे. थ्रीडीएसवर या खेळातल्या चित्राचा त्रिमित खोलपणा डोळ्यांना जाणवतो, तसा स्विचवर जाणवत नाही. बाजूची पट्टी वर सरकवली की वाट खरोखर आत जाते आणि लुईजी एखाद्या बाहुल्यांच्या घरात फिरतो आहे असे वाटते. हे योगायोगाने झालेले नाही. २००१ मध्ये मूळ खेळ गेमक्यूब या यंत्रासोबत आला, तेव्हाच त्या यंत्रात त्रिमित चित्राची तयारी ठेवलेली होती आणि लुईजीचा खेळ तसा चालवूनही पाहिला होता, पण त्यासाठी लागणारा पडदा फार महाग पडत असल्याने तो विचार सोडून द्यावा लागला, असे निंटेंडोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पुढे थ्रीडीएसच्या वेळी सांगितले होते. म्हणजे जे २००१ मध्ये घरोघरी पोहोचू शकले नाही ते १२ वर्षांनी या खेळात हाताच्या तळव्यावर आले. ६ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्रिमित चित्र दाखवू नये अशी सूचना निंटेंडोने दिलेली आहे. आपली मुलगी ९ वर्षांची आहे, तरी तिला भीती वाटत असेल तेव्हा पट्टी पूर्ण खाली घ्यावी. चित्राचा खोलपणा नाहीसा झाला की दारही अंगावर येत नाही. फटीतून डोकावतानाही पट्टी खालीच असू द्या, कारण यंत्र हलवले की जुन्या थ्रीडीएसवर चित्र दुभंगते.

एक बाब लक्षात असू द्या. खेळातला अनेकांनी मिळून चढायचा मनोरा थ्रीडीएसवर आता इंटरनेटवरून खेळता येत नाही, कारण थ्रीडीएसची ती सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. जवळ बसलेल्यांसोबत मात्र तो आजही चालतो, आणि सर्वांकडे थ्रीडीएस असेल तर चौघांत मिळून एक कार्ट्रिज पुरते.

साळ गावचा निवृत्त शिक्षक

मी हा खेळ माझ्या नातवाच्या शेजारी बसून पाहिलेला आहे. बटणांविषयी मला काही सांगता येणार नाही, पण आपल्या सासूबाईंच्या हरकतीविषयी लिहावेसे वाटते, कारण या चर्चेत तो मुद्दा मागे पडेल अशी मला भीती आहे.

दिवेलागणीची वेळ ही आपल्या घरांत दिव्याची आणि परवचाची वेळ आहे. त्या वेळी खेळ बाजूला ठेवावा, हे सासूबाईंचे म्हणणे भुतांमुळे नसले तरी योग्यच आहे. मुलीने आधी दिवा लावावा, ‘शुभं करोति’ म्हणावे, पाढे म्हणावेत आणि मग आजीच्याच शेजारी बसून खेळावे. वेळ अर्धा तास पुढे गेली तर खेळाचे काही बिघडत नाही, आणि आजीची हरकत निम्मी तिथेच मिटते.

उरलेली निम्मी मिटवण्यासाठी त्यांना खेळाची गोष्ट सांगा. आमच्या साळ गावात शिमग्याला तीन रात्री ‘गडे’ हा उत्सव होतो. रानात, डोंगराच्या अंगाला उजेड दिसतो, तो देवचाराचा, अशी श्रद्धा आहे, आणि त्यात भाग घेणारे, ज्यांनाही गडेच म्हणतात, त्या उजेडामागे धावतात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावरून तो काळोख पाहिलेला आहे. आजही डोळे मिटले की त्या रात्रीचा माणसांच्या पायांचा आवाज ऐकू येतो. आपल्याकडचा देवचार म्हणजे नुसते भूत नव्हे, तो राखणदार आहे. हातात काठी, खांद्यावर कांबळे, वाट चुकलेल्याला चूड दाखवणारा. त्याचा मान राखला नाही तर तो कोपतो आणि मान राखला की शांत होतो. नातवाच्या खेळात मी जे पाहिले ते मला याच्या जवळचे वाटले. हे वाडे ज्या दरीत आहेत तिथली भुते मुळात दुष्ट नाहीत. आकाशातला तो काळा चंद्र, म्हणजे ‘डार्क मून’, अखंड होता तोवर ती लुईजीला मोहिमेवर पाठवणाऱ्या प्राध्यापकाच्या कामात मदत करत होती. भुतांच्या राजाने चंद्राचे तुकडे केले, तेव्हा ती बिथरली. लुईजी फिरतो तो ते तुकडे गोळा करण्यासाठी. भुते पकडणे हे त्याला वाटेत करावे लागते. एवढे सांगितले तर जुन्या माणसाला ती गोष्ट परकी वाटणार नाही.

मुलीच्या दाराच्या भीतीबद्दल मी चार दशके मुले पाहिलेला माणूस म्हणून सांगतो: तिच्याकडून यंत्र काढून घेऊ नका. जी मुलगी भूत दिसताच यंत्र परत मागते, तिला पळून जायचे नाही. तिला कोणीतरी उंबऱ्यापर्यंत सोबत हवे आहे. मात्र दार तुम्ही उघडू नका. तिच्या हातावर हात ठेवा आणि बटण तिलाच दाबू द्या. दोन-चार दारांनंतर हात काढून घ्या आणि नुसत्या शेजारी बसा. खालच्या पडद्यावर वाड्याचा नकाशा दिसतो, तो वाचण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यावे. म्हणजे वरच्या पडद्यावरच्या काळोखात ती एकटी राहत नाही.

डिचोलीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये असे वाटले.

दिवा आणि परवचा आधी, हा नियम आम्ही घातला आणि तो मुलीने विनातक्रार पाळला. त्रिमित चित्राची पट्टी पूर्ण खाली आणली. पहिल्या दोन दिवशी तिच्या हातावर हात ठेवून दारे उघडली. तिसऱ्या दिवशी एका भिंतीत फट सापडली. तिने लुईजीला तिथे उभे केले आणि आत पाहून इतकी खुदकन हसली की सासूबाई आतून बाहेर आल्या. आतली भुते काय करत होती ते तिने आजीला यंत्र फिरवून फिरवून दाखवले. त्यानंतरचे दार तिने स्वतःच उघडले आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

ज्या खोलीत आम्ही अडकलो होतो तिथे तिने पाठ भिंतीला लावली आणि ‘एक, दोन, तीन’ मोजले. पहिल्या खेपेला दोनावरच बटण सुटले. दुसऱ्या खेपेला तिन्ही भुते एकदम दिपली. झटका कधी द्यायचा ते तिला माझ्याआधी कळले. मोहीम पूर्ण झाली तेव्हा बाहेर वीज आलेली होती आणि आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

नकाशाचे काम सासूबाईंनी घेतले आहे. चष्मा लावून त्या खालचा पडदा पाहतात आणि ‘डावीकडे एक खोली राहिली गो’ असे सांगतात. देवचाराची गोष्ट मी त्यांना सांगायला गेले, तर त्यांनीच मुलीला माहेरच्या राखणदाराच्या दोन गोष्टी सांगितल्या. त्यांचा आता एकच प्रश्न आहे आणि तो मला जसाच्या तसा विचारायला सांगितला आहे: त्या यंत्रात ओढलेली भुते मरतात का? मरत असतील तर त्यांना हा खेळ पसंत नाही.

फोंड्याचा जुना खेळाडू

आजींना माझा नमस्कार सांगा. भुते मरत नाहीत. मोहीम संपवून लुईजी प्राध्यापकाच्या तळघरात परतला की पकडलेली भुते यंत्रातून काढून तिथल्या कोठडीत ठेवली जातात. त्या कोठडीत जाऊन आजवर कोणती भुते सापडली हे खेळाडूला पाहता येते. मुलीला ती कोठडी दाखवायला सांगा, तिथे ग्रीनीपासून सुरुवात करा, आजींना एकेक ओळखता येईल. आणि पुढचा वाडा जुन्या घड्याळांचा आहे, तिथे नकाशा वाचणाऱ्याची गरज आणखी लागेल.